मधला गिअर

“मधला गिअर जितका मोठा, तितका शेवटचा गिअर हळू फिरतो,” ज्ञानोबा म्हणाले, आणि रूपालीचे हात लाकडी चाकांवर तसेच थांबले.

हे चूक होतं. साफ चूक. आणि बोलणारा कोण, तर उभी हयात आयटीआयच्या पोरांना गिअर शिकवण्यात घालवलेला माणूस.

बाहेर लाईट गेली होती, म्हणून तर शूटिंग चाललं होतं. विष्णुपुरीतल्या त्यांच्या घराखाली पिठाची गिरणी. ती थांबल्याशिवाय आवाज नीट रेकॉर्ड व्हायचा नाही, आणि ती थांबायची लाईट गेल्यावरच. तेव्हा पंखाही बंद. रूपालीच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण दोन्ही हात मोबाईलसमोर अडकलेले. लकव्यानं ज्ञानोबांची उजवी बाजू लुळी पडल्यापासून व्हिडिओत आवाज त्यांचा आणि हात लेकीचे, असा संसार चालला होता. हदगावपासून देगलूरपर्यंत, जिल्हाभरातली पोरं ते व्हिडिओ बघत.

आठवडाभर ती दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिस काउंटरला बसून गिऱ्हाइकांची बोलणी खाई. मेकॅनिकलची डिग्री घेऊन तेवढंच हाती लागलं होतं. रविवारी तरी अंग टाकावं म्हटलं, तर हे. पण ती दमली होती ती या कामानं नव्हे. अलीकडं बाबा चुकू लागले होते, त्यानं ती आतून खचली होती. परवा त्यांनी बेअरिंगला बुश म्हटलं. त्याआधी स्क्रूचे आटे उलटे सांगितले. मेंदूला मार बसलाय, हळूहळू विसर पडेल, असं डॉक्टर बोललेच होते. रूपाली चुका गुपचूप कापून टाकी, नवं रेकॉर्डिंग करी. आईला तिनं यातलं काहीच कळू दिलं नव्हतं.

म्हणून तर उद्या लातूरला जायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिथल्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेची मुलाखत होती. नोकरी लागली तर लातूरलाच राहावं लागणार. मग या माणसाला आई एकटी कशी सांभाळणार? कारण खरंच होतं. पण त्या कारणाच्या आड तिला जरा बरंही वाटत होतं, हेही तितकंच खरं. मागच्या मुलाखतीत डेमो लेक्चरला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला ‘सॉरी’ म्हणून खाली बसली. पुन्हा ती शोभा नको.

“बाबा, बरोबर हाय का हे?” तिनं हळूच विचारलं.

“मग? चाक मोठं की चाल हळू. पोरांना ध्यानात राहील असं सांगून राहिलो.”

रूपालीला काय झालं कोण जाणे. साचलेलं सगळं एकदम वर आलं. ती उठली, तिच्या कोपराचा धक्का मोबाईलच्या स्टँडला लागला, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

“न्हाई बाबा. बघा इकडं. पहिल्या चाकाचा एक दात सरकला, की मधल्याचा एकच सरकतो. मधल्याचा एक सरकला, की शेवटच्याचा एकच. मधलं चाक आपल्याकडं काय ठेवूनच घेत न्हाई, मग वेग कमी कुठून होईल?” तिनं मधलं चाक उपसून मोठं बसवलं. पहिलं चाक फिरवलं. शेवटच्या चाकावरची खडूची खूण आधीइतक्याच वेळात फिरून जागेवर आली. “बघितलं? लहान बसवा, मोठं बसवा, शेवटचा वेग त्योच. मधलं चाक बदलतं ते फक्त... फक्त दिशा. ते काढलं आन दोन्ही चाकं एकमेकाला भिडवली, तर शेवटचं उलटं फिरंल. तुमीच शिकवलं होतं मला, शाळेत असताना, हातातला घास थांबवून.”

ती बोलतच राहिली. कारखान्यात हे कुठं वापरतात, मधल्या चाकाची झीज का लवकर होते, सगळं. लाईट आली, खाली गिरणी घरघरू लागली, तेव्हा कुठं ती थांबली. ज्ञानोबा एवढंच म्हणाले, “आईला चहा टाकायला सांग.”

मोबाईल चालूच राहिला होता. ते रेकॉर्डिंग पुसायला म्हणून ती कोपऱ्यात बसली. पुसण्याआधी सहज लावून पाहिलं.

धक्क्यानं मोबाईल वर कलला होता. आज पहिल्यांदाच हातांच्या मागं बाबांचा चेहरा आला होता. ते तिच्याकडं बघत होते आणि त्यांचे डावीकडचे ओठ हलत होते. रूपालीनं व्हिडिओ मागं नेला, पुन्हा पाहिला. तिचं प्रत्येक वाक्य बाबांच्या ओठांवर तिच्या आधी येत होतं. ‘दिशा’पाशी ती अडखळली होती. तिथं ओठांनी तो शब्द पुरा केला होता, आणि ती बोलेपर्यंत ते तसेच थांबून राहिले होते.

बेअरिंग. आटे. सगळ्या चुका तिला पाठ असलेल्या गोष्टींतल्याच. तिला बाबांचा भयंकर राग आला. किती रात्री तिनं या काळजीत जागून काढल्या होत्या. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले.

ज्ञानोबा डाव्या हातात बशी धरून चहा पीत होते. लेक समोर येऊन उभी राहिली तसे अगदी भोळेपणानं म्हणाले, “आज कुठं चुकलं का गं माझं?”

“लई चुकलं,” रूपाली म्हणाली. “आता सकाळी लातूरची पहिली बस कितीला हाय, तेवढं बरोबर सांगा.”