बिनतक्रारीचा महिना

"माझ्या लिफ्टमधलं मदतीचं लाल बटण कुणाला दाबावंच लागणार नाही साहेब. लिहून देतो!" लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री छाती फुगवून म्हणाला.

इमारतीच्या अकाउंटंटने लिहून घेतलं. सलग एक महिना बिनतक्रारीचा गेला की बिलाचे पैसे. लाल बटण दाबलं गेलं की ती तक्रार, आणि महिना पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्रीने न वाचता झोकात सही ठोकली. वर स्वतःच सांगितलं, "बटण दाबलं की माझ्या मोबाईलमध्ये कोंबडा आरवतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवर नोंद पडते. लपवाछपवी नाही आपल्याकडे!"

चौथ्याच दिवशी कोंबडा आरवला. दातांच्या डॉक्टरकडे ओढून नेलेल्या एका पोराने हाताला लागेल ते बटण दाबलं होतं.

"पण लिफ्ट तर चालू होती ना साहेब!"

"कागदावर बटण लिहिलंय. लिफ्ट चालू की बंद, ते कुठे लिहिलंय?" अकाउंटंट म्हणाला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याने कागद वाचला होता.

दुसऱ्यांदा कुणाची तरी गादी वर नेताना बटणावर टेकली. तिसऱ्यांदा महिना भरत आला असताना कुणीतरी बटण दाबलं आणि जिन्याने पसार झालं.

त्या दिवशी मिस्त्री पाय ओढत घरी आला. मेहुणा नुकताच फिरून आला होता, दिवाणावर धापा टाकत बसला होता. लिफ्टच्या नव्या मोटरसाठी पैसे त्यानेच दिले होते आणि ते परत मिळेपर्यंत तो इथेच मुक्कामाला होता. येताना स्वतःची उशी घेऊन आला होता. बायको गेल्यापासून त्याच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. इथे मिस्त्री जमिनीवर झोपत होता आणि मुलीने अभ्यास जिन्यात हलवला होता.

"पुन्हा आरवला का?" मेहुण्याने विचारलं. "असू दे हो दाजी. सावकाश द्या. मला कसली घाई!"

टोमणा मिस्त्रीच्या काळजात रुतला.

"ताई, भाजीत तिखट कमी टाक गं," मेहुण्याने आत हाक दिली.

स्वयंपाकघरात मिस्त्री बायकोला कुजबुजला, "तुझा भाऊ मला बोलून बोलून मारणार."

"बोलतोय कुठे? घाई नाही म्हणतोय बिचारा."

"तेच तर!"

मग मिस्त्री स्टूल घेऊन लिफ्टमध्येच बसायला लागला. सकाळी कचेऱ्या उघडल्यापासून बंद होईपर्यंत, लाल बटणासमोर हात आडवा धरून. बाकीची कामं बुडाली, कंबर धरली. लोक त्याला लिफ्टमन समजून मजले सांगायचे. एका आजोबांनी तर सलाम करत नाही म्हणून तक्रार करायची धमकी दिली. तक्रार हा शब्द ऐकताच मिस्त्रीने उभं राहून दोन सलाम ठोकले.

असा महिना भरला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मेहुणा स्वतः इमारतीत आला.

"आज मिळणार म्हणे?"

"चेक सही होऊन तयार आहे. कचेरी बंद होताना हातात देतो म्हणालेत. चला, तुमच्या डोळ्यांनी बघा. आजच फेडून टाकतो तुमचे."

"मग उशी बांधायला घ्यावी," मेहुणा म्हणाला.

अकाउंटंट सहाव्या मजल्यावर बसायचा. कचेरी बंद व्हायला पाच मिनिटं होती. लिफ्टमध्ये दोघंच होते. मिस्त्रीने स्टूल बाहेर ठेवलं, दार लावलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा बटणासमोरचा हात काढून घेतला. दाराच्या चकचकीत पत्र्यात बघत तो केस बसवायला लागला. मेहुणा मागे, बटणांच्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला.

"बघताय ना? कशी लोण्यासारखी चाललीय! कुठे अडकते का?"

"छे हो, कुठेच नाही," मेहुणा मनापासून म्हणाला. "मोटर उत्तम घेतलीत दाजी."

लिफ्ट पाचव्या मजल्यावरून सुरळीत वर निघाली आणि मिस्त्रीच्या खिशात कोंबडा आरवला.