चौथा चेंडू

वेंडेल एका कॉलेजच्या बेसबॉल संघासाठी पोरं हेरायचा. शेवटची शिष्यवृत्ती बारावीतल्या ऑगीला द्यायची का, हे आज ठरणार होतं. पण कुंपणापार फटके मारणाऱ्या ऑगीला खेळू कोण देतो? समोरच्यांनी तीनदा मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून त्याला फुकटात पहिल्या बेसवर धाडलं. “कोच, पोराला भिता काय?” एक आजोबा ओरडले. “भितोच की, आजोबा,” समोरचा कोच म्हणाला. शेवटच्या डावात बरोबरी, तिन्ही बेसवर ऑगीचे साथीदार, बॅट ऑगीच्या हाती, तीन चेंडू बाहेर गेलेले. चौथाही बाहेर गेला तर विजयी धाव आपोआप मिळणार होती. तो वीतभर बाहेर आला, बॅट पोचली असती. ऑगीने सोडला. “तुला पाहायला सहा तास गाडी हाकली मी. मारला का नाहीस?” वेंडेलने विचारलं. “बाहेर होता, सर.” वेंडेलने नोंदींची कोरी वही मिटली. “तुझी आई कुठे बसलीय? शिष्यवृत्तीच्या कागदावर तिची सही लागेल.”