राहिलेला शब्द

"यांचं वाक्य पूर्ण कोण करतं?" मिस्बाह मॅडमनं विचारलं.

"मीच," जमुना म्हणाली. "हे अडखळले का माहा जीव कासावीस होते. मंग माह्याच तोंडून निघून जाते."

अकोल्याच्या वाचा-उपचाराच्या त्या दवाखान्यात तिचा नवरा जानराव मान खाली घालून बसला होता. पंचेचाळीस वर्षं तो घडाघडा बोलत आला होता. पातूरच्या बाजारात वांगी विकताना त्याच्यापुढं कोणी टिकत नसे. सात महिन्यांपूर्वी शेजारचा सूर्यभान दोघांच्या सामाईक विहिरीत सापडला, आणि त्या दिवसापासून जानरावची जीभ अडू लागली.

दोन हजार सहाचं साल. त्या दिवसांत विहिरीत शेतकरी सापडला की कोणी फार विचारत नसे. पोलिसांनी आत्महत्येचे कागद केले, गाव हळहळलं.

घरी कोणी आलं की जानराव सुरू करायचा, "सू... सू... सूर्यभानले मी..."

"वाचवू शकलो नाही," समोरचा म्हणायचा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. जानराव जोरजोरात मान हलवायचा. मनाला फार लागलं बिचाऱ्याच्या, असं लोक बोलत.

"आता असं करू नका," मॅडम म्हणाल्या. "शब्द त्यांचा आहे. कितीही वेळ लागो, तुम्ही थांबा."

जमुना थांबू लागली. पहिल्याच दिवशी जेवताना तो "मि... मि..." करत राहिला. मीठ तिच्या ओठांवर आलं होतं, तिनं गिळलं. निघाली मिरची. दोघं हसली, सात महिन्यांत पहिल्यांदा.

महिन्याभरात तो बाजारात भाव सांगू लागला. विहिरीचं पाणी आता त्याच्या एकट्याच्याच वांग्यांना होतं. माल चांगला निघत होता. सूर्यभानचं वावर पडीक होतं.

एका दुपारी सूर्यभानची बायको शालू आली. जमुनानं चहा केला. जानराव समोर येऊन बसला.

"सू... सूर्यभानले मी..."

शालूचे डोळे भरले. "राहू द्या, भाऊ. तुमी तरी कसं वाचवणार..."

जमुनानं तिचं मनगट धरलं. "थांब, शालू. बोलू दे त्याईले."

चहावर साय धरली. जानरावचे ओठ मिटत होते, उघडत होते. शालू पदर तोंडाशी धरून बसली. जमुनानं त्याच्याकडं पाहून हळूच मान डोलावली. बोला, म्हणाली.

त्यानं श्वास घेतला. या खेपेला वाक्य कुठंच अडलं नाही.

"सूर्यभानले मी ढकललं."