झोक्याजवळच्या स्लाइड्स

लहानपणी लेक झोक्यावरून पडली आणि तिचा हात मोडला, तेव्हा बाबा कॅमेरा घेऊन समोरच उभे होते. "लेन्स बदलत होतो गं, दिसलंच नाही. नाहीतर कॅमेरा टाकून धावलो असतो," असं ते सांगत आले. आई फणकारली की लेकच त्यांची बाजू घ्यायची.

आज बाबांच्या जुन्या रंगीत स्लाइड्सचे डबे काढून त्या स्कॅन करायला तीच हौसेने बसली. "अगं, तो डबा राहू दे," असं बाबा म्हणेपर्यंत स्लाइड स्क्रीनवर आलीसुद्धा. त्यात ती मातीत पडून रडत होती. पुढच्या स्लाइडमध्येही तीच होती, फक्त आणखी जवळून. बाबांना मान वर करवेना.

लेकीने ती स्लाइड स्क्रीनवर मोठी करून पाहिली. मग हळूच म्हणाली,


"फोकस मात्र अगदी अचूक आहे हं, बाबा."