यकृताची गोळी

पिवळेपणा आधी कडेला आला होता. आता बुबुळाभोवतीचं सगळं पांढरं पिकल्या पेरूच्या सालीसारखं झालं होतं. मुरेवा गावच्या दवाखान्यात सिस्टर चिकोवोरेंनी शुवाईची खालची पापणी ओढून पाहिली, सोडली आणि रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाचला.

"यकृताला बरीच सूज आहे. या गोळीने डोळे थोडे पिवळे होतात, पण एवढे नाही. कशी घेतेस?"

"सकाळी एक, रात्री एक."

"रोज एकच सांगितली होती ना?"

"डोळे पिवळे झाले म्हणून मीच वाढवली. वर्गातल्या मुली कोंबडीचं पिल्लू म्हणतात मला." शुवाई आत्याकडे वळली. "गोळी यकृताचीच आहे ना, आत्या? तूच सांगितलंस, जन्मापासून यकृत नाजूक आहे माझं."

रतिद्झो आत्याने मांडीवरची पिशवी सारखी केली. शुवाईची आई खाली चटईवर बसली होती. नणंद बाकावर असताना ती बाकावर बसत नसे.

"वन्सं," ती मान खाली घालूनच म्हणाली, "पोर वयात आली तेव्हाच सांगायचं होतं. तो मान आत्याचा. म्हणून मी तोंड उघडलं नाही."

"आणि माझ्या भावाची अब्रू काढू? मेल्यावर?"

"तुमचा भाऊ गेला, वन्सं. ही अजून आहे."

सिस्टर शुवाईशीच बोलल्या. "ही गोळी आजपासून बंद. यकृत बरं झालं की दुसरी सुरू करू."

"यकृत बरं झाल्यावर?" शुवाईला हसू आलं. "मग गोळी कशाला?"

सिस्टरनी रिपोर्ट मिटून ठेवला. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. मग शुवाईने एकेकीकडे पाहिलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

आत्या बाकावरून उतरली आणि भावजयीशेजारी चटईवर बसली. तळवे पोकळ करून तिने हळू टाळ्या वाजवल्या, वडीलधाऱ्यांपुढे आदराने वाजवतात तशा, पण त्या पोरीपुढे.

"ती गोळी यकृताची कधीच नव्हती, शुवाई. तुला एचआयव्ही आहे. माझ्या भावाकडून तुझ्या आईला आला, आणि तिच्याकडून तुला."