कोऱ्या दाराचे रंग

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. जुन्या घाटणीच्या गाड्या बनवतो आम्ही. इंजिन नवं, पत्रा नवा, फक्त रूप आजोबांच्या काळातलं.

त्या दुपारी आमचे पेंटर बुधाजीभाऊ एका दाराचा प्रायमर पॉलिश पेपरनं घासत होते. मधेच थांबले.

"ताई, इकडे या बरं. ह्या दाराले आधी कोनं रंग मारला होता?"

"कोणीच नाही, भाऊ. पत्रा सोमवारी आला, कोरा."

प्रायमरखाली हिरवा रंग दिसत होता.

आठ दिवसांत गाडी परतवाड्याला द्यायची होती. तरी मी म्हणाले, "घासा अजून."

हिरव्याखाली मळकट पांढरा निघाला, त्याखाली काळा. पत्रा काही लागेना.

गाडी पूर्ण झाली की दाराच्या खालच्या कोपऱ्यात भाऊ एक पिवळी चिमणी काढतात. ती त्यांची सही.

काळ्याखाली त्याच कोपऱ्यात चिमणी निघाली.

"ही तं माहीच हाये," भाऊ हळूच म्हणाले. "पन ह्या गाडीवर मी अजून काढलीच नाई."

त्यांनी चिमणीवर बोट टेकवलं, आणि मला दाखवलं.

रंग ओला होता.