आता अव्वाला दाखवा

"आप्पा, हे बघा. हे घर न्हाई, समाधी हाय."

विरूपाक्षने फोन डोळ्यांजवळ धरला. ब्युनोस आयर्समध्ये सकाळ होती, निलंग्याच्या रानात दिवस कलला होता. मन्मथ दर रविवारी बापाला तिथला एकेक मोहल्ला दाखवायचा. मागच्या खेपेला रंगवलेली पत्र्याची घरं झाली. त्याआधी रुंद रस्त्याच्या मधोमध उभा असलेला उंच पांढरा खांब. आज कबरस्तान. संगमरवरी समाध्या, मधून फरसबंद गल्ल्या. लोक फोटो काढत फिरत होते.

"बाहेरच्या माणसाला तिकीट काढावं लागतंय, आप्पा."

"मसणवट्यात जायाला तिकीट?" बांधावर बसलेला चंद्रप्पा हसला. तो विरूपाक्षचा चुलतभाऊ. दोघांचं रान लागून. "आपल्याकडं फुकट नेतेत, तरी कुणी जायला तयार न्हाई."

मन्मथही हसला. मग म्हणाला, "आता अव्वाला दाखवा, आप्पा. ओटा बांधलाय म्हणत होता ना? मी अजून बघितला न्हाई."

आईला माती दिली तेव्हा त्याला येता आलं नव्हतं.

विरूपाक्षने चिंचेकडे पाहिलं. दोन्ही अंगांचं सोयाबीन स्वच्छ खुरपलेलं होतं. चिंचेखालच्या तेवढ्या तुकड्यात गवत कमरेला लागत होतं. ओटा नव्हता. माती दिली त्या दिवसापासून तो तिकडे गेलाच नव्हता. खुरपणाऱ्या बायकांनाही त्यानं तिथं जाऊ दिलं नव्हतं.

"दिसंना की, आप्पा."

"थांब. दाखवतो."

तो बांध ओलांडून चंद्रप्पाच्या रानात गेला. तिथं चंद्रप्पाच्या बायकोची, साखराबाईची समाधी होती. धुतलेली फरशी, वर सकाळची पांढरी फुलं. नावाची पाटी दिसणार नाही असा त्यानं फोन धरला.

"ही बघ."

मन्मथनं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. फोन कशाला तरी टेकवून ठेवला, बूट काढले आणि त्या गल्लीतच गुडघ्यांवर बसून फरशीला डोकं लावलं. मागून येणारी दोन म्हातारी माणसं थांबली. त्यांनीही टोप्या काढल्या.

"फुलं ताजी हायत," डोळे पुसत मन्मथ म्हणाला. "रोज येता?"

"व्हय."

फोन बंद झाला. चंद्रप्पा बांधावरून उठला नव्हता. तिथूनच तो म्हणाला, "पुढच्या बारीला आधी सांगत जा. साखराबाईला पाणी मारून ठेवतो."

विरूपाक्ष चिंचेखाली गेला. हातानं गवत बाजूला सारत मधोमध आला आणि बायकोसमोर बसायला वाकला. रिवाजाप्रमाणे तिला बसवून माती दिली होती. तिचं तोंड कोणत्या अंगाला होतं, ते त्याला आठवेना.

तो तसाच वाकलेला राहिला.